दोन दारांचा मतदार

आपल्याकडे निवडणूक जवळ आली की चावडीवर, एस.टी.च्या थांब्यावर, शाळेच्या ओसरीवर पहिला प्रश्न निघतो तो हा, की यंदा तिकीट कुणाला? त्याचे उत्तर मुंबईहून नाहीतर दिल्लीहून यावयाचे. ते आले, की मग मतदाराने आपला कौल द्यावयाचा. उमेदवार ठरविताना मतदाराला कुणी विचारीत नाही, आणि त्यात काही वावगे आहे असेही आपल्याला सहसा वाटत नाही. अमेरिकेतही एके काळी रीत हीच होती. पक्षाचे वजनदार पुढारी एकत्र बसत आणि अध्यक्षपदाला आपल्या पक्षातर्फे कोण उभा राहणार हे ठरवून मोकळे होत. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिन राज्याचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांच्यासारख्या सुधारकांनी याविरुद्ध आवाज उठविला. तिकीट देण्याचा अधिकार पुढाऱ्यांच्या मुठीतून सोडवून मतदारांच्या हाती द्या, असे त्यांचे म्हणणे. त्यातून जी निवडणूक निघाली तिला तिकडे 'प्रायमरी' म्हणतात. खऱ्या निवडणुकीच्या आधीची, तिकिटापुरती निवडणूक, असे समजले म्हणजे झाले.

आता प्रश्न असा, की एका पक्षाचे तिकीट ठरवावयाचे तर मत कुणी द्यावे? सहकारी साखर कारखान्याला ऊस घालणारे पुष्कळ असतात, पण संचालक निवडताना मत असते ते सभासदाला. त्याच न्यायाने अमेरिकेतील अनेक राज्यांत मतदार-यादीत नाव घालतानाच माणूस 'मी डेमोक्रॅटिक' किंवा 'मी रिपब्लिकन' अशी नोंद करतो आणि आपापल्या पक्षाच्या प्रायमरीत मत देतो. आपल्या मतदार-यादीत असा रकानाच नाही, म्हणून ही गोष्ट प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. परंतु काही माणसांना कोणत्याच पक्षाचा शिक्का कपाळी नको असतो. त्यांचे काय करावयाचे? काही राज्ये त्यांना प्रायमरीच्या दिवशी घरी बसवितात. काही राज्ये म्हणतात, या, आणि दोहोंपैकी कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागून घ्या. आपण 'अपक्ष' म्हणतो तो उमेदवार. मी येथे बोलतो आहे तो अपक्ष मतदार. त्याच्यासमोर दोन दारे उघडी असतात, पण आत जावयाचे ते एकाच दाराने.

हा मतदार इतिहास कसा फिरवू शकतो, ते सन २००० मधील एका लहानशा राज्याच्या प्रायमरीत फार स्वच्छ दिसले.

राज्याचे नाव न्यू हॅम्पशायर. शिक्षक बंधुभगिनींनी नकाशा उघडला तर अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाला टेकून असलेली एक उभी पट्टी त्यांना दिसेल. ग्रॅनाइटचे डोंगर, दाट अरण्य आणि हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. त्या वेळची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आत, म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्याएवढी म्हणा. पण या एवढ्याशा राज्याच्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात ४०० प्रतिनिधी बसतात आणि त्यांना वर्षाचे वेतन मिळते १०० डॉलर! साधारण तीन हजार माणसांमागे एक प्रतिनिधी. आपला प्रतिनिधी दुकानात, चर्चमध्ये, रस्त्यावर भेटणार आणि त्याला चार गोष्टी तोंडावर विचारता येणार, ही तिथल्या माणसाला लागलेली सवय. अध्यक्षपदाचा उमेदवार आला तरी त्यालाही तो त्याच मापाने मोजतो.

या राज्याने प्रायमरीचा कायदा १९१३ साली केला आणि १९१६ साली पहिली प्रायमरी घेतली. तारीख ठेवली ती मार्चमधील गावसभेच्या दिवशीची. गावसभेसाठी लोक जमणारच, सभागृह तापविण्यासाठी लाकूड जळणारच, मग त्याच खर्चात दुसरे कामही उरकून घ्यावे, असा हा काटकसरी शेतकऱ्याचा हिशेब असल्याचे सांगतात. १९२० पासून ही प्रायमरी देशात सर्वांत आधी होऊ लागली. १९५२ साली मतपत्रिकेवर प्रत्यक्ष उमेदवारांची नावे छापली गेली आणि त्याच वर्षी ट्रूमन हे विद्यमान अध्यक्ष येथे हरले. काही आठवड्यांतच त्यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. तेव्हापासून या बर्फाळ राज्याचा दबदबा वाढला. १९५२ ते १९८८ पर्यंत जो जो अध्यक्षपदी निवडून आला, त्या प्रत्येकाने आधी न्यू हॅम्पशायरची प्रायमरी जिंकलेली होती.

या राज्यातील अपक्ष मतदारांना 'अघोषित' म्हणतात. सन २००० मध्ये नोंदलेल्या मतदारांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक अघोषित होते. अशा मतदाराने केंद्रावर जावे, एका पक्षाची मतपत्रिका मागावी, मत द्यावे, आणि बाहेर पडताना एक अर्ज भरून पुन्हा अघोषित व्हावे. म्हणजे अर्ध्या घटकेपुरता तो पक्षाचा, एरवी स्वतःचा.

त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षात दोनच उमेदवार होते. एक अल गोर. आठ वर्षे क्लिंटन यांचे उपाध्यक्ष राहिलेले, पक्षाची यंत्रणा, कामगार संघटना आणि बहुतेक पुढारी त्यांच्या बाजूला. दुसरे बिल ब्रॅडली. यांची थोडी ओळख करून दिली पाहिजे, कारण आपल्याकडे त्यांचे नाव फारसे कानांवर आलेले नाही. मिसूरी राज्यातील क्रिस्टल सिटी या लहान गावातील हा मुलगा. बास्केटबॉलमध्ये इतका तरबेज, की १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघात तो होता. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला, परत येऊन न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघातून दहा वर्षे खेळला, आणि मग न्यू जर्सीतून सलग तीन वेळा सिनेटवर निवडून आला. १९८६ च्या मोठ्या कर-सुधारणेत ब्रॅडली यांचा वाटा मोठा होता. १९९५ साली त्यांनी जाहीर केले, की देशाचे राजकारण बिघडले आहे, म्हणून आपण सिनेटला पुन्हा उभे राहणार नाही. चालती सत्ता सोडून जाणारा माणूस तिकडे काय किंवा इकडे काय, दुर्मीळच.

साहजिकच पक्षापक्षीला विटलेल्या मतदाराला हा माणूस आवडला. क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाचा खटला १९९९ च्या फेब्रुवारीत संपला होता, त्याचा शिणवटा लोकांच्या मनात होता. गोर हे त्याच सरकारातले. १९९९ च्या शरद ऋतूत न्यू हॅम्पशायरमध्ये ब्रॅडली गोर यांच्या बरोबरीला आले, काही चाचण्यांत पुढेही गेले. घाबरलेल्या गोर यांनी आपली प्रचार-कचेरी वॉशिंग्टनमधून उचलून आपल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिलला नेली. ब्रॅडली यांची सारी भिस्त मात्र अपक्षांवर होती. पक्षाचे नोंदलेले मतदार गोर यांना सोडणार नाहीत, तेव्हा बाहेरून माणसे आणून ती तूट भरून काढावयाची, असा हा डाव होता.

आणि नेमक्या त्याच पाणवठ्यावर दुसरा एक माणूस घागर घेऊन उभा होता.

तो रिपब्लिकन पक्षातला होता. त्याचे नाव जॉन मॅक्केन, ॲरिझोनाचे सिनेटर. १९६७ साली हॅनोईवर त्यांचे विमान पाडले गेले आणि पुढे साडेपाच वर्षे ते उत्तर व्हिएतनामच्या कैदेत होते. पक्षाचे पुढारी आणि पैसा टेक्सासचे गव्हर्नर जॉर्ज बुश यांच्यामागे. मॅक्केन यांच्याजवळ एक बस होती. तिच्यात पत्रकारांना घेऊन ते गावोगाव हिंडले, विचाराल त्या प्रश्नाचे उत्तर देत राहिले. आयोवा राज्यात आधी होणाऱ्या पक्षसभांकडे त्यांनी पाठ फिरविली आणि न्यू हॅम्पशायरमध्ये शंभरावर गावसभा घेतल्या. त्यांचा मुख्य मुद्दा एकच. पक्षांना मिळणाऱ्या विनामर्यादा देणग्या बंद करा. पैसेवाल्यांच्या हातून सरकार सोडवा.

ब्रॅडली हेही तेच म्हणत होते. म्हणून १६ डिसेंबर १९९९ रोजी एक आगळी गोष्ट घडली. न्यू हॅम्पशायरमधील क्लेअरमाँट या गावी हे दोन विरुद्ध पक्षांचे उमेदवार एकत्र आले आणि आपल्या दोघांना आपापल्या पक्षांची तिकिटे मिळाली तर कोणीही असल्या देणग्यांचा पैसा वापरणार नाही, असा शब्द त्यांनी चारचौघांत हातात हात घालून दिला. जागाही मुद्दाम निवडलेली. १९९५ साली अध्यक्ष क्लिंटन आणि सभागृहाचे सभापती गिंग्रिच यांनी याच ठिकाणी याच विषयावर हस्तांदोलन केले होते, आणि त्यातून पुढे काही निष्पन्न झाले नव्हते. दृश्य मोठे सुंदर होते यात शंका नाही. पण राजकारणाच्या दृष्टीने पाहता ब्रॅडली यांनी त्या दिवशी आपल्या मतदाराला सांगून टाकले, की पलीकडच्या दारातही एक भला माणूस उभा आहे. अघोषित मतदाराला मत एकच. ज्या कारणासाठी ते ब्रॅडली यांना द्यावयाचे, त्याच कारणासाठी ते मॅक्केन यांनाही देता येत होते.

पुढच्या सहा आठवड्यांत ब्रॅडली यांचे फासे उलटे पडत गेले. डिसेंबरात हृदयाचे ठोके अनियमित पडल्यामुळे त्यांना काही कार्यक्रम रद्द करावे लागले, आणि जानेवारीत तो विषय पुन्हा निघाला. त्यातच त्यांनी आयोवात वेळ आणि पैसा ओतला. मॅक्केन यांनी जे राज्य शहाणपणाने सोडले, तेथे हे अडकले. ८ जानेवारीच्या तिथल्या वादसभेत गोर यांनी श्रोत्यांत बसलेल्या एका शेतकऱ्याला उभे केले आणि ब्रॅडली यांना विचारले, की १९९३ च्या महापुरात शेते बुडाली, तेव्हा या लोकांच्या जादा मदतीच्या दुरुस्तीविरुद्ध तुम्ही मत का दिलेत? वस्तुतः मदतीच्या मूळ विधेयकाला ब्रॅडली यांनी पाठिंबाच दिला होता. उत्तर हाताशी होते. पण जुन्या गोष्टी काय उकरावयाच्या, पुढचे बोलू या, अशा अर्थाचे काहीतरी बोलून त्यांनी ते टाळले. शेतकरी तसाच उभा. आपल्यापैकी ज्यांची पिके पुराने नेली आहेत, त्यांना हे उत्तर कसे लागले असते, हे मी सांगावयास नको. आरोपाला उत्तर देणे म्हणजे चिखलात उतरणे, असे त्यांना वाटत असावे. ही उंचावर उभे राहण्याची वृत्ती शरद ऋतूत लोकांना भावली होती. माघात ती थंडपणा वाटू लागली. २४ जानेवारीला आयोवात गोर यांना ६३ टक्के पाठिंबा मिळाला, ब्रॅडली यांना ३५. मग शेवटच्या आठवड्यात ते गोर यांच्या खरेपणावर तुटून पडले. पण ज्यांना भांडण नको म्हणून ते आवडत होते, त्यांना तेही रुचले नसावे.

१ फेब्रुवारी २००० रोजी मतदान झाले. रिपब्लिकन बाजूला मॅक्केन यांनी बुश यांना ४९ विरुद्ध ३० टक्के असे लोळविले. मते सुमारे १ लाख १५ हजार विरुद्ध ७२ हजार. डेमोक्रॅटिक बाजूला गोर यांना ५० टक्के, ब्रॅडली यांना ४६. मतांचे अंतर अवघे ६,४०० च्या आसपास.

आता येथे थोडे थांबून हिशेब पाहू, कारण बरेच लोक तो घाईने करतात. ज्या अपक्षांनी डेमोक्रॅटिक मतपत्रिका घेतली, त्यांच्यात ब्रॅडली हरले नव्हते. मत देऊन बाहेर पडणाऱ्यांना विचारून जे अंदाज बांधले गेले, त्यांवरून निम्म्याहून अधिक अपक्षांनी त्यांनाच मत दिल्याचे दिसते. गोर यांना तारले ते पक्षाच्या नोंदलेल्या मतदारांनी. गेले ते ब्रॅडली यांचे प्रमाण नव्हे, तर संख्या. अघोषितांतील मोठा भाग मॅक्केन यांच्या दाराने आत गेला होता.

यावर कोणी गणिताचे शिक्षक म्हणतील, की समजा शंभरांत पंचावन्न ब्रॅडली यांचे आणि पंचेचाळीस गोर यांचे, तर दर शंभर अपक्षांमागे फायदा दहाचा. मग ६,४०० ची तूट भरावयास ६४ हजार अपक्ष जादा लागले असते, ते कोठून येणार? हा आक्षेप बिनतोड वाटतो खरा. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की गेलेले आणि राहिलेले एकाच मनाचे होते. मला ते पटत नाही. जो मतदार पैशाच्या राजकारणाला कंटाळून, पक्षाचा अधिकृत माणूस नको म्हणून मॅक्केन यांच्याकडे गेला, तो मॅक्केन नसते तर निम्म्याने गोर यांच्याकडे खासच आला नसता. गोर म्हणजे दुसऱ्या बाजूचे बुशच की! पक्षाचे लाडके, पुढाऱ्यांनी नेमलेले. निघून गेले ते ब्रॅडली यांचे सर्वांत पक्के होऊ शकणारे मतदार होते, असे माझे मत आहे, आणि तशा मतदारांची काही हजारांची ढळ या निकालाला पुरेशी होती.

विरोधकाने पाडलेला उमेदवार आपण नेहमी पाहतो. येथे मित्राने, आणि तोही दुसऱ्या पक्षात राहून, नकळत पाडले. ब्रॅडली यांना मॅक्केन यांच्याविरुद्ध बोलताही येईना, बोलणार काय? दोघांचे म्हणणे एक.

त्यानंतर जे झाले ते क्रूरच म्हटले पाहिजे. डेमोक्रॅटिक पक्षाचे वेळापत्रक असे, की पुढचे पाच आठवडे, ७ मार्चपर्यंत, वजनदार अशी एकही प्रायमरी नाही. वॉशिंग्टन राज्यात एक झाली, तीही प्रतिनिधी न जोडलेली, आणि ब्रॅडली यांनी तेथे दिवस घालवूनही गोर यांनीच ती जिंकली. या काळात सगळी वर्तमानपत्रे, सगळा दूरदर्शन मॅक्केन आणि बुश यांच्या झुंजीने भरलेला. चार टक्क्यांनी हरलेला उमेदवार लोक जणू विसरून गेले.

मॅक्केन यांनाही अपक्षांचे पाणी शेवटपर्यंत पुरले नाही. १९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात बुश यांनी त्यांना ५३ विरुद्ध ४२ टक्क्यांनी हरविले. तेथील प्रचार फार घाणेरडा झाला. मॅक्केन दांपत्याने ढाक्याच्या अनाथालयातील एक बांगलादेशी मुलगी दत्तक घेतली होती. त्या सावळ्या लेकराच्या जन्माविषयी कुजबुज उठविण्यापर्यंत मजल गेली. २२ तारखेला मिशिगनमध्ये अपक्ष आणि चक्क डेमोक्रॅटिक मतदार यांच्या जोरावर ते पुन्हा जिंकले, पण तेथेही मनाने रिपब्लिकन असलेले लोक बहुसंख्येने बुश यांच्याकडेच होते. पाहुण्यांनी भरलेला मांडव आणि रुसलेले घरचे लोक, अशी त्यांची गत. ७ मार्चला एकदम अनेक राज्यांनी मत दिले. कॅलिफोर्नियात त्या वर्षी सर्वांना एकच मतपत्रिका होती, कुणीही कुणालाही मत द्यावे. परंतु रिपब्लिकन प्रतिनिधी ठरविताना मोजली गेली ती केवळ रिपब्लिकन मतदारांची मते. पुढे जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सामाईक मतपत्रिकेची पद्धतच घटनाबाह्य ठरविली. आपला उमेदवार परक्यांनी निवडू नये हा पक्षाचा हक्क आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. पक्ष म्हणजे एक संस्था मानली तर ते रास्तच आहे. पण देशात दोनच मोठे पक्ष असताना त्यांचे तिकीट ही केवळ त्यांची घरगुती बाब उरते काय, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

७ मार्चला गोर यांनी एकूण एक राज्ये घेतली. मॅक्केन यांच्या वाट्याला ईशान्येकडील चार लहान राज्ये आली. ९ मार्च २००० रोजी ब्रॅडली यांनी माघार घेतली. मॅक्केन यांनीही त्याच दिवशी आपला प्रचार थांबविला. क्लेअरमाँटला हातात हात घालणारे दोघे एकाच दिवशी मैदानाबाहेर गेले. विनामर्यादा देणग्यांना आळा घालणारा कायदा २००२ साली झाला, त्यावर मॅक्केन यांचे नाव आहे.

न्यू हॅम्पशायरचा मात्र आणखी एक कौल बाकी होता. नोव्हेंबर २००० मध्ये गोर आणि बुश समोरासमोर आले. फ्लॉरिडातील फेरमोजणीची, न्यायालयाची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. अखेर निर्वाचक मंडळात बुश यांना २७१ मते मिळाली, गोर यांना २६६. निवडून येण्यास २७० लागतात. न्यू हॅम्पशायरची निर्वाचक मते चार. ती गोर यांना मिळाली असती तर फ्लॉरिडाचे काहीही झाले तरी ते अध्यक्ष झाले असते. त्या राज्यात ते सुमारे ७,२०० मतांनी हरले.